पुढे केलेलं बोट

आत्या : मी यंत्र काढलं माझी साखर बघायला, तर ही बया आपणहून बोट पुढे करून उभी! दोन वर्षांची पोर. कुणी शिकवलं हिला?

आई : बघते ना ताई, तुम्हाला रोज टोचून घेताना.

आत्या : नुसतं बघून बोटाला भोकं पडतात होय? हे बघ. करंगळीसुद्धा सोडली नाहीस.

आई : थांबा, हिचं दूध आणते.

आत्या : वहिनी, तुझ्याशी बोलतेय मी.

आई : काल दोनदा पाणी मागत उठली ती.

आत्या : उकडतंय. तुझा नवरा तांब्याच्या तांब्या रिचवतो, त्याला टोचलंस?

आई : थट्टा नको. प्रयोगशाळेत दिवसभर उंदरांच्या माद्या बघते मी. त्या जातीच्या जनुकांतच साखर दबा धरून बसलेली. पिंजरा उघडला की आधी भुसा चाचपायचा. मुतानं चिंब लागला की समजायचं, आली एकीला. मग घरी येऊन हिची गादी चाचपते.

आत्या : आणि आमच्या घराण्याचा उद्धार करतेस.

आई : नाही हो!

आत्या : खरं सांग. माझ्याकडे बघून तो भुसाच आठवतो ना?

आई : …कधीकधी.

आत्या : बरं झालं, बोललीस एकदाची. सगळ्या आजारी पडतात?

आई : तेच तर! एका आईच्या, एका पिंजऱ्यातल्या, जनुकं अगदी सारखी. तरी दोघीतिघी ठणठणीत म्हाताऱ्या होतात. का, ते कुणालाच धड कळलेलं नाही.

आत्या : तपासल्यामुळे वाचतात त्या?

आई : छे. तपासून नुसतं कळतं. आता तर लघवी तपासायला हात आत गेला की आधीच मुततात बिचाऱ्या. सवयच झालीय.

आत्या : म्हणजे हिच्यासारखंच.

आई : ताई, असं नका ना बोलू.

आत्या : मला साखर झाली तेव्हा मी हिच्याहून जराशीच मोठी होते. फुलदाणीतलं पाणी प्यायले, आणि आईनं तशीच उचलून दवाखाना गाठला. तिच्याकडे कुठे उंदीर होते?

आई : माझ्या नजरेतून सुटलं तर?

आत्या : मी आहे ना. तू पिंजरा बाहेरून बघतेस, मी आत राहतेय. ती तहान मला ओळखू येईल. हवं तर डॉक्टरांना विचारून रीतसर तपासू. यंत्र मात्र माझ्या पिशवीत.

आई : ठेवा… ताई, तिचं बोट अजून पुढेच आहे.

आत्या : मग धर की. टोचू नकोस, नुसतं धर.