सुनेची पहिली फेरी

जळगाव जामोदच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या फोनवर महिला कबड्डी लीगची खेळाडूनिवड चालू होती.

“दीपमाला, नांदुरावाले पह्यले तुलेच घेतील.”

“त्याइले चढाईवाली पाह्यजे, आत्याबाई. मी तं पकडवाली.”

“मंग दुसऱ्या नंबरचे मेहकरवाले घेतील.”

“लग्न झालेलीले पह्यल्या फेरीत कोणी घेत नाही.”

“काऊन? लग्नानं हात ढिले होतात का?”

“आत्याबाई! घेतलं! मेहकरवाल्याइनं माहंच नाव घेतलं!”

“म्या सांगतलं होतं ना!”

“पण तुमाले कसं समजलं?”

“तुले पाहाले आलो तवा सुटलेला गोऱ्हा तू येकटीनं धरला. म्या तुह्या सासऱ्याले म्हटलं, चहा राहू द्या, आधी हो म्हणा, नाहीतं हिले दुसरे घेऊन जातील.”