मधलं घर

धाकलू : रेघ तिकडनं नका वडू, रावसाहेब. पाया पडतो तुमच्या. ती लेखणी जरा वर धरा.

यशवंतराव : उठा बुधवंत, उठा. वाडीचे कारभारी तुम्ही, माझ्यासारख्या कारकुनाच्या कसले पाया पडता? आणि ही लेखणी नाही, पेन्सिल आहे. शाईची रेघ दुपारी जंगलखात्याचे साहेब ओढणार.

धाकलू : पेन्सिल? मग पुसती की ती.

यशवंतराव : पुसते. पण पुसायला कारण लागतं. सन एकोणीसशे बाराचा नकाशा म्हणून हा कायमचा राहणार. हे बघा, गेल्या महिन्यात मोजणीवाले साखळी घेऊन आले, तेव्हा काय लिहिलंय : 'मधले घर. राहणारे कोणी नाही. सांगणार, धाकलू बुधवंत.' मग रिकामं घर राखीव जंगलात जाणारच.

धाकलू : मी खोटं बोललो न्हाई. त्यांनी इचारलं, त्या घरात कोण ऱ्हातं? म्या म्हणलं, कोण न्हाई. परशू, माझा धाकटा ल्योक, शिमग्याच्या आधी वाघानं नेला. ज्येला वाघ नेतो त्येचं घर आमी नवं भात येईस्तवर बंद ठेवतो. चूल न्हाई, दिवा न्हाई. तवर ते घर त्येचं. मग जितं माणूस ऱ्हातं म्हणून कसं सांगू?

यशवंतराव : एवढं तेव्हाच सांगायचं होतं.

धाकलू : मेल्या लेकाची गोष्ट साखळी धरून हुबं असलेल्या माणसाला सांगायची?

यशवंतराव : खरं आहे. पण एकच घर जातंय, बुधवंत. बाकीची घरं राहतायत ना?

धाकलू : बसा हितं. हे खडे बघा. ह्ये माझं घर, व्हाळाच्या काठाला. ह्ये मधलं, परशूचं. आन ह्ये वर टेकाडाच्या माथ्याला येसूचं. आता येसूनं हाक मारली तर माझ्यापत्तोर येती काय? येत न्हाई. मधल्या घरात पोचती, तिथनं दुसरी हाक पडती, मग मला कळतं. ताप असू दे, साप असू दे, बाळंतपण असू दे. आता मधला खडा तुमीच उचला. काय ऱ्हायलं?

यशवंतराव : दोन खडे.

धाकलू : दोन खडे. वाडी कुठं हाय त्यात?

यशवंतराव : मग येसूला खाली आणा. गाडीरस्त्याच्या कडेला सगळी घरं एका ओळीत बांधा, साहेबांचंही तेच म्हणणं आहे. हाक मारायचीच गरज नको. आमच्या खानापुरात भिंतीला भिंत आहे.

धाकलू : आन भिंतीपल्याड कोण ऱ्हातं?

यशवंतराव : चुलतभाऊ.

धाकलू : बोलता त्येच्याशी?

यशवंतराव : ...अकरा वर्षं झाली, नाही बोललो.

धाकलू : येसूचं आन माझंबी पटत न्हाई. माझ्या भैणीला त्येनं नांदवली न्हाई. पर मधी चढ हाय, झाडी हाय. राग घेऊन निघालेला माणूस हितवर येईस्तवर दमतो, पाणी मागतो आन परत जातो. हाक मातर येती. बापजाद्यांनी अंतर बघून घरं घातली, रावसाहेब. भांडणाला लांब, मरणाला जवळ. ओळीत बसवलंसा तर दोन पावसात कुणाचं तरी डोस्कं फुटंल.

(परशूची बायको देवकी पाण्याची घागर उतरवून दारात थांबते.)

देवकी : मामा, येसूकाकांच्या सुनेचे दिवस भरल्यात. आज न्हाई तर उद्या.

धाकलू : ठावं हाय.

देवकी : मी सांजचं मधल्या घराच्या अंगणात बसून कान देते. घर बंद हाय, अंगण बंद न्हाई. रावसाहेब, रेघ पडल्यावर अंगणात तरी बसू देतील?

यशवंतराव : नाही, बाई. जंगलचा गार्ड उठवेल.

देवकी : मग काय केलं तर रेघ सरकंल?

यशवंतराव : साहेब डोळ्यांना दिसतं तेच मानतो. त्या घरातून धूर निघताना दिसला, तर मी 'वस्ती आहे' असं लिहून कागद पुढं करीन. रेघ घराच्या पाठीमागून जाईल. धूर नसेल तर माझ्या हातात काही नाही. चाकरीचा माणूस मी.

धाकलू : धूर न्हाई निघायचा. भात अजून पोटरीत हाय, लोंबी भाईर पडली न्हाई. दोन म्हयने हायत.

देवकी : दोन म्हयन्यांनी तिथं घर नसंल, मामा.

धाकलू : आदी चूल पेटली की त्येला वाटतं, आपल्याला इसरली ही माणसं. मग नवं भात खायला त्यो येत न्हाई. उपाशी कुठं फिरतो, कुणाला ठावं. माझ्या लेकाला मी हाकलून देऊ व्हय?

देवकी : त्या सांजला येसूकाकांना साप चावला म्हणून वरनं हाक आली. तुमच्या लेकानं हितं हाक टाकली, तर वाऱ्यानं पोचली न्हाई. ताटावरनं उठून तुमाला सांगायला पळत निघाला. अर्ध्या वाटंवर...

धाकलू : गप.

देवकी : भाकरी तशीच ऱ्हायली ताटात. त्यो उपाशी जाईल, ह्येचं भ्या मलाबी हाय. तुमच्यापरास जास्त हाय. मीच रांधत हुते न्हवं त्येला? पर वर ती पोर वरडत बसंल आन खाली कुणाला कळायचं न्हाई. मी काय करू सांगा. सांगा की.

यशवंतराव : बुधवंत, व्हाळाच्या खालच्या वळणावर कुत्री भुंकतायत. साहेबांचा घोडा आला असावा.

देवकी : बंद घरात पयला इस्तू तुमच्याच चुलीतला लागतो. मी काडी वडून पेटवली तर ती चूल धरत न्हाईत. द्या, मामा.

धाकलू : माझ्या हातानं बंद केलं गं ते दार.

देवकी : व्हय.

धाकलू : त्येची आय असती तर तिनं दिला नसता.

देवकी : नसता दिला. मी तिच्याबी पाया पडले असते.

यशवंतराव : घोडा चढाला लागला, बुधवंत.

धाकलू : ...खापर आण ते. खाली राख घाल आदी, न्हाईतर हात भाजंल. ह्ये दोन निखारे. आजून एक घे.

देवकी : बास झाले, मामा.

धाकलू : झाकून ने. चढाला वारा हाय.