मुंजाच्या पायातलं पैंजण

ऐका. आज मधी कुणी फिदीफिदी हसलं तर काठी बसंल, सांगून ठेवते. माझं डोकं आज ठिकाणावर न्हाई.

ए धैर्या, दुपारी तो हेळवी आला हुता ना, पिढ्या सांगणारा? त्यानं आपल्या घराण्याची नावं घडाघडा म्हणली आन तू ती सगळी मोबाईलात भरलीस. लई शाणा! मला वाचून बी दाखवलंस. त्यात माझं नाव कुठं हाय रं? मी ह्या घरची लेक न्हवं? बरं, माझं ऱ्हाऊ दे. जिचं नाव न्हवतं म्हणून तुझा आजा मरणाच्या दारात गेला हुता, तिची गोष्ट ऐका आता.

तुझा आजा, म्हंजे माझा थोरला भाऊ ईश्वरा. नवं लगीन झालेलं, अंगात रग. ओढ्याकाठच्या पिंपळावर मुंजा हाय, असं आख्खं गाव म्हणायचं. आन आपल्या घरची चाल अशी, की लगीन झालं की नवऱ्या मुलानं मुंजाला लंगोटी आन कमरंचा करदोडा द्यायचा. बिनलग्नाचं मेलेलं पोरगं ते, त्याचा मान. ईश्वराला दिवसा सवड झाली न्हाई. अंधार पडल्यावर निघाला गडी, हातात कंदील. आई म्हणली, "उद्या जा की रं." ऐकतोय कशाला!

ओढा आला. टप्! पाठीत खडा. मागं बघितलं, कोण न्हाई. परत टप्! म्हणला, वटवाघूळ फळं टाकत असंल. चालला पुढं. तवर मागनं छुम छुम, छुम छुम. पैंजण! हा थांबला की ते थांबतंय, हा चालला की ते चालतंय. आरं, मुंजाच्या पायात पैंजण असतंय का? गावातल्या कितीतरी जणांनी ते ऐकलं हुतं, पर एकानं तरी इचार केला? न्हाई! मुंजा म्हणलं की मुंजा. मेंढरं सगळी!

मग कंदील विझला. वारं न्हाई, काय न्हाई, विझला! आन कमरंला बारक्या हातांची मिठी बसली. गार. "मला घे की... मला घे की..."  ईश्वरानं लंगोटी-करदोडा पिंपळाकडं भिरकावला. "घे मुंजा, तुझं घे, मला सोड!"

झालं! असं किंचाळणं उठलं, पिंपळ बुडापासनं हालला. करदोडा अंधारातनं उलटा आला आन ईश्वराच्या गळ्याला आवळला. कसा पळाला, कसा उंबऱ्यावर येऊन पडला, त्याचं त्याला ठावं न्हाई.

दोरा निघंना. इळा लावला, तर इळ्याचीच धार गेली. रोज दिवेलागणीला जरा जरा आवळायचा. आधी भाकरी गिळंना, मग पाणी गिळंना. मी माहेरपणाला आलेली, डोळ्यांनी बघत हुते. देवऋषी म्हणला, मुंजाचा मान कमी पडलाय, आणिक लंगोट्या द्या. दिल्या. दोरा आणिक आवळला!

मी म्हणलं, "आबा, ते पोरगं न्हवं. पोरगी हाय ती." आमचे आबा, म्हंजे माझे वडील, माझ्यावर वसकले, "बायकांनी ह्यात तोंड घालायचं न्हाई."

घातलं! तवा बी हेळवी गावात उतरलेला. आज आलेल्याचाच आजा असंल. त्याला म्हणलं, आमच्या घरात कवळ्या वयात कोण गेलं, सांग. त्यानं सगळ्या पिढ्या म्हणल्या. एक बी पोरगा तसा गेलेला न्हाई. म्हणलं, आता पोरींची नावं सांग. हसला मेला! "पोरी पिढीत धरत न्हाईत, बाई."

तणतणत घरात आले. आई डोळं पुसत जात्यावर दळत हुती, आन सवयीनं तोंडात ओवी,

"पिंपळाच्या वाटसरा, हळू टाक रं पाऊल,
माझ्या रंगूच्या पैंजणाची, तुला लागंल चाहूल."

जनम गेला माझा ही ओवी ऐकण्यात. मीच गायलीया कितींदा! मी जात्याचा खुंटा धरला. "आई, रंगू कोण गं?"

"तुझ्या पणजीची लेक," आई म्हणली. "सासूबाईंनी सांगितलेलं मला. पलेगाच्या साली सगळं गाव माळावर निघालं. रंगूला ताप, तिच्या धाकट्या भावाला बी ताप. गाडीत जागा एकाचीच. तुझ्या पणजोबांनी पोरगा उचलला. रंगूला पिंपळाखाली बसवली. म्हणले, परत येतो तुला न्यायला." आईनं जात्यात दाणं टाकलं. "गेलेच न्हाईत. पणजी मरंस्तवर ही ओवी गात ऱ्हायली."

"आई, मग आधी का न्हाई बोललीस?"

"मला कुणी इचारलं?"

ऐकलंसा? ज्याला गाडीत घेतलं, तो माझा आजा. त्याच्या पोटची आपण सगळी! आन जिला टाकली, तिला काय दिलं? लंगोटी! वर्सानुवर्सं लंगोटी! तिनं गळा आवळला तर नवल काय? मी असते तर आख्खं घराणं बुडवलं असतं.

त्याच सांजंला ईश्वराला गाडीत घातला, आबांना ओढत नेलं. पिंपळाखाली खणाचं परकर-पोलकं ठेवलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या. हाक मारली, "रंगू! ए रंगू!" छुम छुम झालं, पर दोरा सुटंना. ईश्वराचं डोळं पांढरं व्हायला लागलं. मी आबांवर वराडले, "टाकली बाप्यानं, तर हाक बी बाप्यानंच मारायची! पोरगा पायजे का तुमचा ताठा?"

तवा आमचे आबा गुडघ्यावर आले. एवढा थोराड माणूस, रडत म्हणला, "रंगूआत्या... गाडी आणलीया. चल घरला."

तटकन दोरा तुटला! आन गाडी एका अंगाला जराशी दबली. कोण तरी चढून बसलं. घरापतोर पैंजण वाजलं. आईनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळला आन तिला घरात घेतली.

त्या दिसापासनं पिंपळ गप झाला. तुझ्या आजाच्या गळ्याचा काळा वळ तेवढा जन्मभर ऱ्हायला. बघितलाय की तुम्ही.

पर आज तू पिढी भरलीस, धैर्या. आन परत तिला गाडीत घेतली न्हाईस. दिवेलागणीला परसात बसले हुते, ओढ्याच्या अंगानं पैंजण ऐकलं मी. ह्या कानांनी! म्हणून सांगते, तिचं नाव घरात न्हाई तवर त्या वाटंला जायचं न्हाई. कुणी बी न्हाई.

भिऊन उठतोस कुठं? बस खाली. काढ तो मोबाईल. लिव्ह, रंगू. खाली नगं, भावाच्या वर लिव्ह. थोरली हुती ती.