घंटेपासून सपातांपर्यंत

(साप्पोरो, नोव्हेंबर. भुयारी बाजारातलं बुटांचं दुकान. बाकावर चिसातो मिनागावा आणि तिची आई फुसाए. भोवती उघडी खोकी.)

फुसाए : हेही नकोत. ह्यांत तुझा पाय कसा दिसतो सांगू? तव्यावर टाकलेल्या माशासारखा. शेपटीकडून उचललेला.

चिसातो : आई, हळू बोल. ती मुलगी माप आणायला आत गेलीय, बहिरी झालेली नाही.

फुसाए : ऐकू दे की. मघापासून तिने तीन रंग दाखवले. काळा, काळा आणि काळा.

चिसातो : काळेच हवेत. काळे, पुढून बंद, टाच तीन ते पाच सेंटिमीटर, घोटा उघडा, तळव्याला दात नकोत.

फुसाए : हे बुटाचं वर्णन आहे की फरारी माणसाचं?

चिसातो : कंपनीचा नियम आहे. टोकियोहून आलाय.

फुसाए : टोकियोत बोटभर बर्फ पडला की गाड्या बंद पडतात आणि बातम्यांत दिवसभर तोच बोटभर बर्फ दाखवतात. ते लोक आम्हाला सांगणार पायांत काय घालायचं.

चिसातो : पाय माझे आहेत, पण पगार त्यांचा आहे.

फुसाए : मग ते सगळ्यांत आधी घातलेले घे ना. बाजूला चेन होती ते. चामडं किती मऊ, आत लोकर, टाचेखालची पट्टी उलटवली की बर्फात रुतणारे काटे बाहेर येतात. आणि दिसायलाही ऐटदार. ते घातल्यावर तुझा चेहराच बदलला होता.

चिसातो : म्हणून तर लगेच काढले. सवय लागली असती. ते घोटा झाकतात.

फुसाए : घोटा झाकला तर विमा विकला जात नाही?

चिसातो : मला काय विचारतेस? मी तो नियम केलेला नाही.

फुसाए : बरं, एवढं तरी सांग. तू घरोघरी जातेस. बूट घालून कोणाच्या घरात शिरतेस का?

चिसातो : छे.

फुसाए : मग हे टाचेचे बूट घालतेस कधी?

चिसातो : फाटकापर्यंत बर्फाचे बूट. फाटकाशी उभं राहून ते काढायचे, पिशवीत टाकायचे, टाचेचे घालायचे. मग घंटा वाजवायची. दार उघडलं की एक पाऊल आत, कमरेत वाकायचं, बूट काढायचे, दाराकडे तोंड करून नीट जोडीने ठेवायचे आणि त्यांनी दिलेल्या सपाता घालायच्या.

फुसाए : म्हणजे घंटेपासून सपातांपर्यंत.

चिसातो : घंटेपासून सपातांपर्यंत.

फुसाए : लग्नातला पांढरा किमोनोसुद्धा ह्याहून जास्त वेळ अंगावर राहतो.

चिसातो : तसं नाही गं. मी आत चहा पीत असते तेव्हा ते बूट दाराशी बसून कंपनीची अब्रू राखत असतात. शिष्टाचार शिकवायला बाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, आपण गप्प असलो तरी आपले बूट बोलत असतात.

फुसाए : मग फेब्रुवारीत काय म्हणाले ते? एक पाय बर्फाच्या बुटात, एक टाचेच्या बुटात शिरतोय, आणि बाईसाहेब फाटकाशी बगळ्यासारख्या उभ्या. सागाए आजोबांनी दार उघडलं तर तू आडवी. आणि पडल्यापडल्या त्यांना वाकून नमस्कार केलास.

चिसातो : पडल्यापडल्या वाकता येत नाही. मान हलवली फक्त.

फुसाए : मनगट मोडलेलं, आणि मान हलवतेय.

चिसातो : गिऱ्हाईक होते ते. आणि त्यांनी त्याच आठवड्यात घसरण-विमा घेतला, स्वतःचा आणि बायकोचा. म्हणाले, आता समजावून सांगायची गरज उरली नाही.

फुसाए : कंपनी पडण्याचा विमा विकते, आणि विकणारीने न पडणारे बूट घालायचे नाहीत. मला हे कोणी तरी पाटीवर काढून समजावा.

चिसातो : समजून काय करणार आहेस? सोमवारी टोकियोचे विभागप्रमुख येतायत. सकाळच्या सभेत सगळ्यांना रांगेत उभं करून पाय बघणार. मार्चमध्ये माझा करार पुन्हा व्हायचाय. गेल्या हिवाळ्यात दोन महिने हात गळ्यात होता, तेवढ्यात माझी निम्मी घरं दुसरीला दिली. ह्या वेळी बूट चुकले तर करार गेला, आणि बूट बरोबर असले तर मनगट. डॉक्टर म्हणालेत, आत पट्टी बसवलीय, पुन्हा त्याच हातावर पडलात तर मूठ वळायची नाही. तर मी इथे बसून पाच सेंटिमीटरच्या आतली सगळ्यांत कमी वाईट टाच शोधतेय. आता ओरडू नकोस.

फुसाए : मी कुठे ओरडतेय? मी त्या माणसाकडे बघतेय.

चिसातो : कोणत्या?

फुसाए : पुरुषांच्या कपाटामागे. मघापासून तोंडासमोर खोकं धरून उभा आहे. खोकं उलटं आहे.

चिसातो : आई, मान वळव. लगेच. ते आमचे साहेब आहेत.

फुसाए : कुरामोची? एप्रिलमध्ये बायकोमुलांना टोकियोत ठेवून एकटे आले, ते? मग भेटायलाच हवं. अहो साहेब, इकडे या. हात दुखतील तुमचे.

कुरामोची : अरे, मिनागावाबाई. काय योगायोग. मी आपला, ह्या भागातल्या खरेदीचा जरा अंदाज घेत होतो. आणि ह्या तुमच्या आई असणार. आपल्या कन्येची आम्हाला फार मदत होते.

फुसाए : आणि तुम्ही तिची फार काळजी घेता. अंदाज एक पाय नुसत्या मोज्यात ठेवून घेतात का टोकियोत?

कुरामोची : दुसरा बूट आणायला गेलीय ती मुलगी.

फुसाए : मग बसा ना तोवर.

कुरामोची : नको, उभाच बरा.

फुसाए : बाकावर गादी आहे.

कुरामोची : नको, खरंच नको.

फुसाए : कधी पडलात?

चिसातो : आई.

कुरामोची : पडलो असं नाही म्हणता येणार. गुरुवारी जरा तोल गेला. घरी.

फुसाए : कुठे राहता?

कुरामोची : कंपनीच्या इमारतीत. पाचव्या मजल्यावर.

फुसाए : गुरुवारी पहिला बर्फ पडला. पाचव्या मजल्यापर्यंत चढला म्हणजे बराच झाला म्हणायचा.

कुरामोची : स्टेशनासमोरचा चौक. सिग्नल हिरवा होता. आठवी-नववीतल्या मुलींनी उचललं मला. एकीने माझी बॅग आणून दिली आणि म्हणाली, आजोबा, पावलं छोटी टाका. मी बावन्न वर्षांचा आहे.

चिसातो : साहेब, मीही घरीच पडले होते.

कुरामोची : ठाऊक आहे. मी यायच्या आधीचं, पण वाचलंय. राहत्या घरी, मनगट.

चिसातो : सागाएंच्या फाटकाशी. बूट बदलताना. आपल्या शाखेतल्या ओबानाबाई घरी पडल्या, त्या ट्रामच्या थांब्यावर. निइकुराबाई घरी पडल्या, त्या टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर.

कुरामोची : पण मग घरी असं का सांगितलं सगळ्यांनी?

चिसातो : तुम्ही का सांगितलं?

कुरामोची : मला वाटलं, उगाच चौकशी.

चिसातो : आम्हालाही तेच वाटलं. कामावर पडलं की पहिला प्रश्न, बूट नियमाप्रमाणे होते का? नव्हते म्हटलं तर दोष आपला. होते म्हटलं तर नियमाकडे बोट दाखवल्यासारखं होतं. घरी पडलं की नुसतं ‘काळजी घ्या’ येतं. सोबत केळीही येतात.

कुरामोची : थांबा. म्हणजे आपल्या शाखेत हिवाळ्यात कामावर एकही अपघात नाही, तो आकडा...

चिसातो : तो खरा आहे. कामावर कोणी पडतच नाही.

कुरामोची : तो आकडा टोकियोत मोठ्या पडद्यावर दाखवतात. विभागप्रमुख दर वर्षी सांगतात, अतिथंड प्रदेशातही हा नियम पूर्ण सुरक्षित ठरला आहे. आणि साप्पोरोच्या बायकांची घरं फार निसरडी असतात, असं त्यांचं ठाम मत झालंय.

फुसाए : म्हणून नव्या वर्षाला न्हाणीघरात घालायच्या रबरी चटया येतात होय? मी म्हणत होते, विमा कंपनी आणि चटया कशाला. आमच्याकडे तीन झाल्या. एक मांजराला दिली.

कुरामोची : ती कल्पना त्यांचीच. त्याबद्दल त्यांचा सत्कार झाला.

चिसातो : साहेब, तुम्ही समोर आहातच तर विचारते. ते बाजूला चेन असलेले बूट बघा. काळे आहेत. पुढून बंद. टाच चार सेंटिमीटर. बदलायला लागणार नाहीत, सरळ दारापर्यंत जाता येईल. फक्त घोटा झाकतात आणि खाली दात आहेत. सोमवारी हे घालून आले तर चालेल?

कुरामोची : चांगले आहेत. खरंच चांगले आहेत. ह्यावर सर्व बाजूंनी विचार व्हायला हवा.

फुसाए : म्हणजे नाही.

कुरामोची : नाही असं मी म्हणालो नाही.

फुसाए : तुम्ही लोक नाही कधीच म्हणत नाही. आमच्या गल्लीतल्या दिव्याचा नगरपालिका सर्व बाजूंनी विचार करतेय, तोवर गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं गेली.

कुरामोची : आई, नियम माझा नाही. मला दोन वर्षांनी परत जायचंय. मुलगी तिकडे कॉलेजात जाईल. इथे येऊन सात महिन्यांत मी नियम सैल केले असं झालं, तर टोकियोत म्हणतील, कुरामोची तिकडचाच झाला. असं म्हणाले की माणूस खरंच तिकडचाच होतो. बोलावतच नाहीत पुन्हा.

फुसाए : इथलं होणं इतकं वाईट असतं का हो?

कुरामोची : तसं नव्हतं म्हणायचं मला.

चिसातो : असू द्या, साहेब. मी ते टाचेचेच घेते.

कुरामोची : असं करू या. तुम्ही हेच घाला, चेनचे. मी पाहिलंच नाही असं समजा. मी तुमच्या पायांकडे बघणारच नाही.

चिसातो : हिवाळ्यात इथे सगळेच खाली बघून चालतात, साहेब. तुम्ही एकट्याने न बघून काय होणार? सोमवारी विभागप्रमुखांना सागाएंकडे न्यायचंय ना?

कुरामोची : हो. समाधानी गिऱ्हाईक म्हणून. घर डोंगराकडे आहे म्हणे.

चिसातो : शेवटचा रस्ता चढाचा आहे. उन्हात वरचा थर वितळतो आणि पुन्हा गोठतो. उणे दहाला पाय धरून तरी राहतो, शून्याच्या जवळपास तसं होत नाही, मधे पाण्याचा पापुद्रा असतो. सोमवारी शून्य सांगितलंय. आपण तिघं फाटकाशी उभे असू. मी एका पायावर. तुम्ही आणि ते टोकियोच्या गुळगुळीत तळव्यांच्या बुटांवर. आजोबा दार उघडतील. मागच्या वेळी एकच पडलेली होती, ह्या वेळी त्यांना तिघं मिळतील.

फुसाए : एकाच भेटीत तीन. पुन्हा विमा घेतील ते.

कुरामोची : विभागप्रमुख पडले तर ते कुठे पडले म्हणून सांगायचं?

चिसातो : त्यांचं घर टोकियोत आहे. तिकडे पडले म्हणणं अवघड आहे.

फुसाए : ती आली बघा मुलगी. घाला साहेब, दुसरा पाय घाला. लाजू नका, माझ्या नवऱ्याचे पाय मी चाळीस वर्षं बघितलेत, मला आता काही नवीन राहिलं नाही.

कुरामोची : हे बर्फाचे बूट फक्त घालून बघायचे होते.

फुसाए : तेच करा. उभे तर आहातच. चाला.

चिसातो : कसे वाटतात?

कुरामोची : गरम आहेत.

चिसातो : आणि?

कुरामोची : पाऊल टाकताना श्वास धरावा लागत नाही. गुरुवारपासून मी प्रत्येक पावलाला श्वास धरतोय. काल जिन्यात चक्कर आली.

फुसाए : आम्ही लहानपणापासून धरतो. पण आमच्याकडे बूट बरे असतात.

कुरामोची : मिनागावाबाई, तुमचं ते मनगट. मूठ वळणार नाही, असं मघाशी ऐकलं मी. खोक्यामागून. ऐकायला नको होतं.

चिसातो : डॉक्टर सांगतात तसं. थोडं वाढवूनही सांगत असतील.

कुरामोची : सही उजव्या हातानेच करता ना?

चिसातो : सही, चहा, सगळं.

कुरामोची : ऐका, बाई. हो, तुम्हीच, दुकानातल्या. हे मी घालूनच जातो. जुने पिशवीत बांधा. आणि त्यांचे ते चेनचे, काढू नका खोक्यातून. म्हणजे काढा. त्याही घालूनच जातील.

चिसातो : साहेब, हे आज. सोमवारी सभेत काय करू?

कुरामोची : सोमवारीही हेच. फक्त मागच्या रांगेत उभ्या राहा.

चिसातो : आणि तुम्ही? तुम्ही तर सगळ्यांपुढे असता, आमच्याकडे तोंड करून.

कुरामोची : म्हणूनच म्हणतो, मागे राहा. ते आधी माझे पाय बघतील. तुमच्यापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागेल.