गस्त सुटली

हरवलेल्या पिशवीची तक्रार द्यायला आलेल्या आजी पोलीस चौकीच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी बसलेली एक बाई हवालदाराशी बोलत होती.

"बाबा सकाळपासून घरात नाहीत, दादा. जन्मभर तुमच्याच खात्यात होते. आता मला ओळखत नाहीत, पण गस्तीला निघतात. बंद दुकानांची कुलपं ओढून बघतात."

"म्हणजे लोक चोर समजणार."

"त्याचीच धास्ती आहे. मागे एकाने कानफटात मारली."

"बाजारात लोकांनी एका म्हाताऱ्याला धरलंय खरं. आमची जीप पोचलीय तिथे."

"त्यांना ओढू नका म्हणावं. सलाम करून सांगायचं, 'तुमच्या बदली ड्युटीला आलोय, तुम्ही सुटलात.' मग निमूट येतात."

हवालदाराने वायरलेसवर तसंच सांगितलं. आजीही पिशवी विसरून कान देऊन बसल्या.

वायरलेस खरखरला. "सलाम केला, साहेब."

"मग?"

"उशीर का केलास म्हणून झापतायत."