कॅसेटीतलं पहिलं मिनिट

—दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं, बरोब्बर. न्हाय न्हाय, साडेतीन कोण म्हणालं तुमाला? मी सातवी शिकलेय भाऊ, काट्याचं घड्याळ कळतं मला. छकुलीला डोस पाजायचा होता, दर सहा तासांनी लिहून दिलेला, म्हणून मी मनगट बघितलं, अन् तेवढ्यात मागच्या जत्रेतली पहिली काठी उठली. तितनंच सगळं सुरू झालं. बसा की. गाडी राहू द्या लिंबाखाली, कुणी नेत न्हाय. कॅसेट न्यायला आलाय, व्हय, म्हाईत हाय — इंदापूरला दुकानात न्यायची, दिवस मावळायच्या आत कॉप्या काढायच्या, परवा जत्रा. सगळं म्हाईत हाय मला. पण आधी ऐका. अन् जरा हळू बोला, पोरगी आत्ता कुठं निजलीय. पाळण्याची दोरी सोडली की उठती ती.

भांडण कशावरनं? ढोलावरनं! बिरोबाच्या देवळापुढं पहिला ढोल कुणाचा वाजायचा — ह्या आमच्या जळोचीच्या रानातल्या वस्तीचा, का माझ्या माहेरच्या, इंदापूरकडच्या वस्तीचा. मान म्हणत्यात त्याला. कधीपासनं चाललंय ते कुणाला सांगता येत न्हाय, पण दरसाल डोकी फुटत्यात. मागच्या साली ह्या वस्तीच्या सोनबामामाचा उजवा हात गेला — अहो, तोच तर ढोल वाजवणारा! मनगटावर काठी बसली, हाड असं वाकडं जुळलं की बोटं मिटत न्हाईत. ज्याच्या ढोलासाठी भांडले त्याचाच हात मोडून आले घरी. हसू नका... हसा बापडे, मला पण आधी हसूच येतं, चीड मागनं येती.

मंग ह्यांच्या डोक्यात ते गाणं आलं. रॅप. तुमच्याच दुकानात भरलं, तुमाला काय सांगायचं — पण वस्तीवरच्या जुन्या माणसांना कोण समजावणार? आमचे आबा म्हणाले, हे गाणं हाय का ग्रामसभा? एक बोलतोय, दुसरा त्याच्यावर वरताण बोलतोय, अन् मधी ढोल! टीव्हीवर बघून शिकले सगळे. ढगळ विजारी, टोपीचं तोंड मागं. ह्यांनी कारखान्यातली टोपी उलटी घातली तर छकुली दोन दिवस बापाकडं जाईना. तिकडनं माझा भाऊ अविराज, भाजीचा टेम्पो चालवतो त्यो, अन् त्याचे दोघं. हिकडनं हे धरून चौघं. वरीसभर एकमेकांच्या रस्त्यानं जात नव्हते — अन् तुमच्या त्या खोलीत एका माइकपुढं उभे राह्यले की न्हाय? तुमी बघितलंय, मी नुसतं ऐकलंय. सोनबामामानं डाव्या हातानं ढोल वाजवला म्हणं. कॅसेट जत्रेत विकायची, येईल ते मामाच्या ऑपरेशनला घालायचं, अन् देवळापुढं कर्ण्यावर गाणं लावायचं, दोन्ही वस्त्यांच्या कानावर पडंल असं. खरं सांगते, त्या दिशी मी पुरण घातलं. सण न्हाय, वार न्हाय. नवरा अन् भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसले — वर्सानं. मी चुलीपाशी तोंड फिरवून बसले, धूर लागला म्हणून सांगितलं.

अन् मंग? इचारा की, मंग काय! मंग पुन्हा तेच! सुरवातीला एक मिनिट कोरं सोडलेलं, चार शब्द बोलायला — मंडळी, भांडू नका, असं काय तरी. तर तितं पहिला आवाज कुणाचा? हे म्हणत्यात माझा, गाणं मला सुचलं. अवी म्हणतो माझा, माणसं मी गोळा केली, टेम्पोचं डिझेल मी जाळलं. मानावरनं भांडू नका म्हणून गाणं, अन् गाण्यात मान कुणाला म्हणून भांडण! कपाळ बडवून घ्यावं का न्हाय, तुमीच सांगा. आठ दिस झाले बोलणं बंद. कॅसेट माझ्यापाशी आणून टाकली — एकाची बायको, दुसऱ्याची बहीण, म्हणजे म्हणं दोन्हीकडनं भरवशाची. तूरडाळीच्या डब्यात ठेवलीय. काल अवीचा माणूस येऊन सांगून गेला, पहिला आवाज आमचा नसंल तर परवा ढोल तरी पहिला आमचाच, बघू कोण अडवतंय. हे ऐकून ह्यांनी काय केलं? माळ्यावरची काठी काढली, तेल लावलं. गाणं म्हणत म्हणत तेल लावलं, भाऊ!

व्हय, आणते की कॅसेट. पण एक सांगायचं राहिलं. ते पहिलं मिनिट आता कोरं न्हाय. छकुलीनं बटण दाबलं — लेकरूच ते, टेपशी खेळत होती, तर... असं काय बघताय? बरं. दोन बटणं एकदम दाबावी लागत्यात, म्हाईत हाय. वरनं कुणी भरू नये म्हणून कडंची खिट्टी तुमी मोडून दिलेली, ते पण म्हाईत हाय. त्या भोकात कागद कोंबला की पुन्हा भरता येतं. अवी लहानपणी असाच आमच्या वडलांच्या, तात्यांच्या, भजनांच्या कॅसेटीवर सिनेमातली गाणी भरायचा अन् मार खायचा. मी कोंबला. दूध डेअरीच्या कार्डाचा कोपरा. झालं समाधान?

का म्हणजे? काल काठीला तेल लावून झालं, अन् हे ह्याच उंबऱ्यावर बसून आपली ओळ घोकत होते — 'हातातला दगड टाक रं खाली, बघ की म्होरं कुणाची आई आली' — म्हणं ही ओळ पहिली पायजे, माझ्या आवाजात पायजे, ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडंल. काळजाला! मागच्या जत्रेत मी माहेरच्या बायांत उभी होते, आईपाशी. छकुली खांद्यावर. दगड आला — पेरूएवढा असंल — तिच्या टाळूपासनं वीतभर अंतरानं गेला अन् आईच्या हातातल्या पितळी तांब्यावर आदळला. तांब्याला पोचा पडलाय, अजून हाय. अन् मी मान वर केली तर हे तितं पारावर, हात अजून वरच, बाही फाटलेली...

कोण? कुणी न्हाय. गर्दीत कोण कुणाला दिसतंय? मी काय म्हणाले? मी काय म्हणाले न्हाय. तुमी काय ऐकलं न्हाय.

ह्यांना अजून ठाऊक न्हाय, भाऊ, दगड कुठं पडला. वरीस झालं. डबा भरून देते, शर्टाला बटणं लावते, अन् रोज वाटतं, आज सांगावं. सांगितलं तर काय म्हणतील? तू तिकडं कशाला उभी राह्यलीस म्हणतील. अवीला सांगितलं तर तो जत्रेपर्यंत पण थांबायचा न्हाय. मंग आज सकाळी दार लावलं, टेप मांडीवर घेतली अन् बोलले. लई न्हाय. मी छकुलीची आई बोलते. मागच्या जत्रेत तीन वाजून वीस मिनिटांनी एक दगड माझ्या लेकरापासनं वीतभर लांबनं गेला. कुठल्या वस्तीचा ते मी सांगणार न्हाय. ज्यानं टाकला त्यानं काठी तितंच टाकावी अन् घरी यावं, ताट वाढून ठेवते. बस, एवढंच. नाव घेतलं न्हाय मी कुणाचं. ह्यांचं तर मी तसंही घेत न्हाय.

पुसायचं न्हाय ते. मधी कोंबडं आरवलंय, राहू द्या त्याला पण. धरा — डाळ लागलीय, झटका. कागद काढून टाका आता, पुन्हा कुणी भरायला नको. अन् निघा, ह्यांची पहिली पाळी सुटायची येळ झाली, तुमी त्यांना हितं दिसायला नको. दोघांना निरोप द्या. म्हणावं, पहिला आवाज कुणाचा ते ठरलं, त्याच्यावरनं भांडायचं कारण उरलं न्हाय. अन् कर्णेवाल्याला सांगा, जत्रेत भेटंल त्याला सांगा —

उठली बघा. आले गं, आले! — जावा तुमी. तीन वाजून वीस मिनिटांनी लावा म्हणावं.