लाळेची नळी

दवाखान्यात शेजारच्या बाकावरचा बाप मघापासून लेकीच्या मागे हात धुऊन लागला होता. आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या एका आजीला ते ऐकवत नव्हतं.

"दम्याचा पंप चुकवतेस, म्हणून धाप लागते!"

"बाबा, रोज दोन्ही वेळा ओढते. पंपावरचा आकडा बघा ना, कमी झालाय."

"हवेत फवारत असशील. नाटकी कुठली!"

आजीच्या धाकट्या बहिणीलाही घरात सगळे नाटकीच म्हणायचे. पोटाशी उशी धरून ती खिडकीत धापा टाकायची आणि धाप ओसरली की आपलीच नक्कल करून सगळ्यांना हसवायची. तिच्यासारखं हसवणारं मग घरात कुणी उरलं नाही.

नर्स नळी घेऊन आली. "बाळा, यात लाळ दे."

"ही कशाला?" बापाने विचारलं.

"काही मुलांची जनुकंच अशी असतात, की नियमित ओढूनही या पंपाचा म्हणावा तसा गुण येत नाही. तसं निघालं, तर डॉक्टर औषध बदलतील."

"म्हणजे ही खरं बोलतेय?"

"असेलही."

"रिपोर्ट येऊ दे, मग बघू."

आता आजीला राहवलं नाही.

"अहो गृहस्थ, रिपोर्ट औषधाचा येणार आहे, पोरीच्या खरेपणाचा नाही. नाटकी नाटकी म्हणत आम्ही माझी बहीण घालवली. तुमची लेक अजून शेजारी बसलीय. आत्ताच्या आत्ता तिची माफी मागा!"